पिलाताची हनुवटी

आमच्या ओबरआख गावात दर सहा वर्षांनी केस कापणाऱ्याचे वाईट दिवस येतात, आणि गावात केस कापणारी मी एकटीच आहे.

त्याचं असं झालं. प्लेगच्या साथीत आमच्या पूर्वजांनी देवाला नवस केला, की गाव वाचव, आम्ही दर सहा वर्षांनी तुझ्या मुलाच्या दुःखाचं नाटक करू. देवाने गाव वाचवलं, ठीक. पण कोणा शहाण्याने त्या नवसात हेही घालून ठेवलं की नाटकात खोटे केस, खोटी दाढी आणि तोंडाला रंग चालणार नाही. देवाने दिलं तेच तोंड घेऊन उभं राहायचं. त्यामुळे नाटकाच्या आदल्या वर्षी, ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, चर्चच्या दारावर कागद लागतो: आजपासून पुरुषांनी केसांना आणि दाढीला हात लावायचा नाही. नाटकाचे सगळे प्रयोग संपेपर्यंत. पोस्टमन, बँकेतला कारकून, आगीचा बंब चालवणारा, सगळी माणसं अस्वलं होतात आणि मी दुकानात माशा मारत बसते.

मला त्या काळात जगवतात ते रोमन. रोमनांना दाढी नसते. गावातली मूठभर माणसं रोमन शिपाई होतात आणि तेवढीच माझ्या खुर्चीत बसतात. पण रोमनांत रोमन म्हणजे पिलात, येशूला शिक्षा सुनावणारा सुभेदार. त्याचं काम मोठं, वाक्यं मोठी, अंगावर पांढराशुभ्र झगा. आणि यंदा पिलात कोण होणार, तर कोर्बिनियान.

कोर्बिनियान माझ्या शाळेतला. वर डोंगरात त्याची गुरं आहेत, चीज करतो. माणूस लाजाळू, पण आवाज असा की समोरच्या डोंगरावरची गाय त्याच्या हाकेला मान वर करते. एवढा आवाज असून बिचारा आजवर येशूच्या शिष्यांच्या घोळक्यात उभा राहिला. एकच वाक्य, आणि तेही बाकीच्या सगळ्यांबरोबर एकदम म्हणायचं. जुना पिलात लाकडाच्या वखारीत ओंडक्यांवरून पडला, कंबर मोडली, तेव्हा लाइटगेब गुरुजींनी चर्चसमोरच्या फळ्यावर खडूने कोर्बिनियानचं नाव लिहिलं. गुरुजी नाटक बसवतात आणि गावाला धाकात ठेवतात. नाव वाचून कोर्बिनियान फळ्यासमोर भर चौकात रडला. मग त्याचा हात दाढीकडे गेला आणि रडं एकदम थांबलं.

त्याची दाढी नवसाची नव्हती. अठराव्या वर्षापासून ती तशीच होती, छातीपर्यंत.

हिवाळाभर तालमी झाल्या. गुरुजी म्हणायचे, "दाढी कधी काढणार?" हा म्हणायचा, "थंडी सरू द्या, गुरुजी." थंडी सरली तेव्हा याचा घसा बसला. रंगीत तालमीला पिलात सुभेदार मानेपासून नाकापर्यंत लोकरी मफलर गुंडाळून आला. गुरुजींनी सर्वांसमोर सांगितलं, "पहिल्या प्रयोगाला, गाण्याच्या मंडळींचं तिसरं गाणं संपायच्या आत, गुळगुळीत पिलात विंगेत दिसला नाही, तर झगा हिरोनिमुस घालेल." हिरोनिमुस हा खानावळवाल्याचा जावई. त्याची हनुवटी उकडलेल्या अंड्यासारखी आहे. बाकी त्याच्यात काही नाही.

पहिल्या प्रयोगाच्या सकाळी मी दुकान उघडायच्या आधी कोर्बिनियान पायरीवर बसलेला.

"बुर्गी," तो म्हणाला, "पडदे लाव आधी."

"का रे बाबा? लग्न करायचंय का माझ्याशी?"

"लाव गं. आणि कोणाला सांगू नकोस."

पडदे लावले. खुर्चीत बसवलं, कात्रीने दाढीचं रान कमी केलं. जमिनीवर एवढे केस पडले की एखादं मेंढरू कातरलंय असं वाटावं. जरा कुठे कातडी दिसायला लागली तशी मी बोटाने गालावरून चाचपलं. माझी ही पद्धत आहे, वस्तऱ्याआधी बोट फिरवायचं. बोट अडखळलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडखळलं. गालावर, जबड्याच्या कडेला, ओठाखाली, हनुवटीवर. साधे तीळ नव्हेत, चांगले उठून आलेले मस. एकाला तर स्वतःची स्वतंत्र दाढी होती.

"कोर्बिनियान," मी म्हटलं, "हे काय?"

"म्हणून तर," तो म्हणाला.

मग त्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं. शाळा सुटून तो वर डोंगरात राहायला गेला, तिथे हे उगवले. सतराव्या वर्षी दूरच्या एका गावच्या नाचात एका मुलीला त्याने नाचायला विचारलं, तर ती मैत्रिणींना म्हणाली, बेदाण्याच्या केकबरोबर मी नाही नाचत. सगळ्या हसल्या. पुढे सैन्यात गेला, तिथल्या न्हाव्याने घाईघाईत वस्तरा मारला आणि एका मसाचं डोकं उडवलं. रक्त थांबेना. शर्ट भिजला, टॉवेल भिजला आणि शेवटी बघायला आलेला हवालदार चक्कर येऊन पडला. त्या दिवसापासून दाढी.

"आणि झेन्झी?" मी विचारलं. झेन्झी म्हणजे त्याची बायको, पलीकडच्या खोऱ्यातली. तोंडाने फटकळ, हाताने कामसू.

"तिने कधी बघितलंच नाही. तिची माझी गाठ पडली तेव्हा दाढी होतीच. बुर्गी, झेन्झीने दाढीशी लग्न केलंय. आत हे असलं काही आहे हे तिला कळलं असतं तर केलं नसतं."

"म्हणजे एवढी वर्षं..."

"एवढी वर्षं. आजही तिला सांगून आलोय, नाटक तू अगदी मागे उभी राहून बघ. मागून पिलाताचं तोंड दिसत नाही."

"आणि घरी गेल्यावर?"

"मफलर."

"प्रयोग सप्टेंबरपर्यंत आहेत! उन्हाळाभर मफलर घालून जेवणार?"

"घसा बसलाय म्हणेन," तो म्हणाला, आणि त्या गडगडाटी आवाजाने माझ्या फळीवरच्या बाटल्या हलल्या.

मला हसूही आलं आणि त्याची दयाही आली. पण दयेने दाढी होत नाही. आणि आज एक जरी मस दुखावला तर पट्टी लावता येणार नव्हती, पावडर लावता येणार नव्हती. पांढऱ्या झग्यावर रक्त टपकवत सुभेदार न्यायनिवाडा करतोय हे गुरुजींनी चालू दिलं नसतं. तुरटी जवळ काढून ठेवली, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा जरा जास्तच फिरवला आणि मनात मरियामाईचं नाव घेतलं.

मस असलेल्या तोंडावर फेस लावला की सगळं सारखं पांढरं दिसतं, आणि तिथेच घात होतो. म्हणून मी फेस लावून प्रत्येक मसावरचा फेस बोटाने पुसून काढला. पांढऱ्यातून एकेक करून ते वर आले. मग एका हाताने कातडी ताणायची, वस्तरा जवळजवळ आडवा धरायचा आणि मसाच्या अलीकडे थांबायचं. वरून यायचं, थांबायचं. खालून यायचं, थांबायचं. मग बाजूने, फक्त वस्तऱ्याच्या टोकाने. वरून कधीच जायचं नाही. दाढीवाल्या मसाचे केस बारीक कात्रीने.

"तू दगडाभोवतीचं गवत काढावं तशी काढतेयस," तो मध्येच म्हणाला.

"ओठाखाली वस्तरा असताना बोललास तर तुझी जीभही काढेन."

मिनिटभराने पुन्हा, "बुर्गी, वाक्यं म्हणून बघू का?"

"नाही!"

"मनातल्या मनात?"

"मनातल्या मनात म्हणतानाही तुझा गाल हलतो. आठवायचंसुद्धा नाही. गाईंचा विचार कर."

गाईंचा विचार केल्यावर तो एकदम शांत झाला. बाहेर बसगाड्या यायला लागल्या होत्या, परक्या भाषांमधली बडबड ऐकू येत होती. नाट्यगृहाची पहिली घंटा झाली, मी हनुवटीवर होते. दुसरी घंटा झाली, तरी हनुवटीवरच होते, कारण तिथे ते दाटीवाटीने बसले होते, आणि हनुवटी एवढीशी. हे आणखी एक. त्या सगळ्या दाढीच्या आत देवाने या दांडग्या माणसाला लहान बाळाची हनुवटी दिली होती.

शेवटचा हात फिरवला आणि गरम टॉवेल ठेवला. रक्ताचा एक ठिपका नाही. सांगते, आयुष्यात मी इतकी खूश कधी झाले नव्हते. मग टॉवेल काढला आणि त्याने आरशात बघितलं. वरचं अर्धं तोंड डोंगरातल्या उन्हाने तांबूस झालेलं, खालचं ताज्या चीजसारखं पांढरं, आणि त्यावर ते सगळे.

"केक," तो म्हणाला.

"चल, उशीर झालाय," मी म्हटलं. मलाही जमावात उभं राहायचं होतं, जेरुसलेमची बाई म्हणून.

आम्ही पळत सुटलो. रस्त्यात पाहुण्यांशिवाय कोणी नव्हतं, सगळा गाव नाटकात. नटांच्या दारावर सिक्स्टुसकाका खुर्ची टाकून बसलेले. तोफखान्यात होते, त्यामुळे कान कामातून गेलेले, पण नजर घारीची. त्यांना तिथे बसवायलाही कारण आहे. मागच्या नाटकात एक डच पाहुणा शौचालय शोधत त्या दारातून आत शिरला आणि चड्डी-टोपीसकट जेरुसलेमच्या जमावात उभा राहिला. वर गावकऱ्यांपेक्षा मोठ्याने ओरडलासुद्धा. तेव्हापासून ज्याला दाढी नाही तो पाहुणा, असा काकांचा साधा हिशेब. रोमन शिपायांची तोंडं मात्र त्यांनी पाठ केलेली.

काकांनी कोर्बिनियानकडे बघितलं आणि काठी आडवी केली.

"प्रेक्षकांचं दार पलीकडे, साहेब," ते परक्यांशी बोलतात तसं हळू आणि मोठ्याने म्हणाले. "शौचालय डावीकडे."

"काका, मी कोर्बिनियान!"

"जर्मन चांगलं बोलता हो," काका म्हणाले. ऐकू काही आलं नव्हतं, पण पाहुण्यांशी ते हेच बोलतात.

"अहो काका, हा आपला आहे!" मी त्यांच्या कानात ओरडले.

"बुर्गी, तुझ्या खुर्चीत जो बसेल तो तुला आपलाच वाटतो. रोमन मला सगळे माहीत आहेत. हे तोंड मी जन्मात बघितलेलं नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. मोठा झाल्यापासूनचं ते तोंड गावात कोणीच बघितलेलं नव्हतं.

कोर्बिनियानने शेवटचा उपाय केला. छाती भरून पिलाताचं पहिलं वाक्य म्हटलं. उशिरा आलेल्या बसमधून उतरणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकीने फोटो काढला. काका म्हणाले, "तुम्हालाही शुभ सकाळ." आतून गाण्याच्या मंडळींचं दुसरं गाणं संपल्याचं कळत होतं. आता तिसरं.

"काका, पाया पडते तुमच्या, आत जाऊन गुरुजींना विचारा!" मी पुन्हा कानात ओरडले. मीच आत जाऊन गुरुजींना शोधून आणेपर्यंत तिसरं गाणं संपलं असतं.

"दार सोडलं की डच शिरतो," काका म्हणाले. "घरचं माणूस आणा. घरच्या माणसाने ओळख पटवली तर सोडतो."

घरचं माणूस वीस पावलांवर होतं. झेन्झी दारासमोरच्या मांडवात पाहुण्यांसाठी क्राप्फन, म्हणजे पिठाचे गोड वडे, तळत होती. हात कोपरापर्यंत पिठात.

मी तिला हाक मारणार, तोच कोर्बिनियानने माझा हात धरला. "नको."

"अरे, तिसरं गाणं सुरू झालंय!"

"होऊ दे. हिरोनिमुसला करू दे." त्याचे डोळे भरून आले होते. "पिलात नाही झालो तर नाही झालो. ती माझी बायको आहे, बुर्गी. मला ती हसली तर मी कुठे जाऊ?"

मला त्याचा भयंकर राग आला. चाळीस वर्षं त्या कामाची वाट बघितलेला माणूस, अर्धा डोंगर ज्याच्या आवाजाने हलतो तो, चार मसांपायी घरी निघाला होता. आणि माझी सकाळभराची मेहनत? मी कोणालाही न विचारता बोंब मारली. "झेन्झी! इकडे ये! तुझ्या नवऱ्याला आत घेत नाहीत!"

झेन्झी झारा हातात घेऊनच आली. "कोण आत घेत नाही? कुठाय तो?"

कोर्बिनियानने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एवढा मोठा माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा.

"हा म्हणे तुझा नवरा," सिक्स्टुसकाका म्हणाले. "ओळख पटव. तोंड मला नवीन आहे."

झेन्झीने झारा माझ्या हातात दिला. कोर्बिनियानला खांद्याला धरून वळवलं आणि त्याचे हात तोंडावरून खाली ओढले. तो डोळे घट्ट मिटून उभा राहिला. ती हसली असती तर मी तोच झारा तिच्या डोक्यात घातला असता.

ती हसली नाही. तिने नीट बघितलंसुद्धा नाही, काकांकडेच बघत राहिली. पिठाचं बोट उचलून तिने कोर्बिनियानच्या गालावर ठेवलं.

"हा इथला," ती काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हा थंडीत सुजतो. आणि हा जबड्याचा, झोपेत याला हात लागला की मला लाथ बसते." एकेका मसावर तिचं बोट न चुकता जात होतं, आणि जिथे जाईल तिथे पीठ लावत होतं. "ओठाखाली हा एक. खालचा हा केसाळ. आणि हनुवटीवर सगळी वस्ती. माझाच आहे, काका. सोडा त्याला."

काका जवळ येऊन बघत होते. बसमधल्या बायकाही जवळ आल्या होत्या.

कोर्बिनियानने डोळे उघडले. "तुला माहीत होतं?"

"सव्वीस वर्षं मी काय हातमोजे घालून झोपतेय तुझ्याशेजारी?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू लपवत होतास," झेन्झी म्हणाली. "मला वाटलं, ठेवू दे बिचाऱ्याला काहीतरी स्वतःचं." मग तिचा आवाज जरासा खाली आला. "हनुवटी एवढीशी आहे हे मात्र मला माहीत नव्हतं. गोड आहे. पळ आता!"

काकांनी काठी उचलली. आतलं गाणं शेवटच्या कडव्यावर आलं होतं. कोर्बिनियान धावला, मी त्याच्यामागे, झेन्झीचा झारा हातातच. विंगेत हिरोनिमुसने एक हात झग्यात घातलेला होता. कोर्बिनियानने तो झगा त्याच्या अंगावरून असा ओढला की हिरोनिमुस गिरकी खाऊन पडला. गुरुजी म्हणाले, "कोण आहेस तू?" आणि कोर्बिनियान म्हणाला, "पिलात," आणि तो आवाज ऐकून गुरुजी बाजूला झाले.

तो रंगमंचावर गेला तेव्हा कुठे गुरुजींना नीट दिसलं. गालावर, जबड्यावर, हनुवटीवर पांढरी पांढरी बोटं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नवसाच्या नाटकात तोंडाला रंग! पुढचा सगळा वेळ ते विंगेत मनगट चावत होते. मी तोवर जमावात जाऊन उभी राहिले होते, झारा घागऱ्याच्या घड्यांत लपवून. नाट्यगृहाच्या अगदी मागे दार उघडं दिसत होतं, आणि त्यात एप्रन घातलेली झेन्झी. तळण सोडून ती आली होती.

मग ती वेळ आली. पिलातासमोर पाण्याचं तबक येतं, तो हात धुतो आणि या माणसाच्या मरणाशी आपला संबंध नाही असं जाहीर करतो. तबक आलं, तसे गुरुजी विंगेतून फुसफुसले, "तोंड! अरे, तोंडही धू! पाणी आहे ना समोर!"

कोर्बिनियानने ऐकलं. त्याने मान वळवून गुरुजींकडे बघितलंसुद्धा. मग दूध काढून झाल्यावर गोठ्यात धुतो तसे त्याने दोन्ही हात सावकाश, एकेक बोट करून धुतले, पुसले आणि तबक परत पाठवलं. तोंडाला पाण्याचा थेंब लावला नाही. ती एवढीशी हनुवटी पिठासकट वर करून त्याने आपलं वाक्य म्हटलं, समोरच्या कोणाकडे न बघता, पार मागच्या उघड्या दाराकडे बघून. त्या वेळी जमावाने ओरडायचं असतं. सगळे ओरडले. मी नाही ओरडले, मला रडू आलं होतं.